डोळे सरावेपर्यंत

दसरा झाला की शहागंजच्या बाजारात सीताफळाच्या पाट्या लागतात. मी पिशवीभर घेऊन पुंडलिकनगरला घरी येते, ओट्यावर पसरते, आणि आतून आवाज येतो, “आली का गं?” मी आले का हे कुणी विचारत नाही, चौकशी सीताफळांची असते. उत्तमराव, म्हणजे माझे यजमान, भिंतीला हात लावत ओट्यापाशी येतात आणि एकेक फळ अंगठ्यानं चाचपतात. हे आजचं, हे उद्याचं, हे परवाचं. मी कितीही निरखून वाटणी केली तरी शेवटी त्यांचीच बरोबर निघते. मग हात पुसत विचारतात, “तैपेईतलं आठवतं का?” मी म्हणते, “नाही बाई.” दर वर्षी ते हेच विचारतात आणि दर वर्षी मी हेच सांगते. न आठवायला काय झालं? या दिवसांत मला दुसरं काही आठवतच नाही.

या दिवसांची हवाच तशी असते. दुपारी ऊन चटकतं, पण सकाळी अंगणात गेलं की पदर खांद्यावरून ओढून घ्यावासा वाटतो. हॉटेलांपुढं पर्यटकांच्या बसेस उभ्या राहायला लागतात. पूर्वी या दिवसांत उत्तमराव घरी सापडायचे नाहीत. मी जागी होईपर्यंत ते आंघोळ करून, पांढरा शर्ट घालून, पाहुण्यांच्या गाडीत बसून अजिंठ्याच्या वाटेला लागलेले असायचे. गाइड होते ते, आणि तेही जपानी पाहुण्यांचे. गाव फर्दापूर, घर शेतकऱ्याचं, लेणी घरामागच्या डोंगराएवढी जवळची. लहानपणी गुरं वळता वळता परदेशी माणसं बघितली, त्यांच्यातल्या जपान्यांची वाकून नमस्कार करण्याची रीत आवडली आणि ती भाषा शिकायचीच असं पोरानं मनात घेतलं. शिकलेही. आधी वर्गात, मग उरलेली पाहुण्यांकडून.

त्यांची लेणी दाखवायची पद्धत मला लग्नानंतर पहिल्यांदा कळली, तेव्हा मी चिडलेच होते. उन्हातून पायऱ्या चढून, चपला बाहेर काढून आम्ही पहिल्या लेणीत शिरलो. आत काही दिसेना. मी पुढं निघाले तर त्यांनी मनगट धरलं. “थांब. डोळे सरावू दे.” किती वेळ? तर सरावेपर्यंत. ते काही बोलेनात, मलाही बोलू देईनात. मग हळूहळू अंधारातून खांब वर आले, छत आलं, छतावरची फुलं आली. तरी त्यांनी लोक ज्याच्यासाठी येतात त्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्राकडं नेलं नाही. आधी एका खांबाच्या माथ्यावर कोरलेली हरणं दाखवली, चार हरणांना मिळून एकच डोकं असलेली. “आधी बारकं बघायचं. मोठं काय, ते स्वतःहून दिसतंच.” आणि सगळ्यात गंमत म्हणजे सांगताना ते चित्राकडं पाठ करून उभे राहायचे. मी विचारलं तर म्हणाले, “चित्र मला पाठ आहे. मी माणसांची तोंडं बघतो. चित्र दिसलं की तोंडावर कळतं.”

मी जिल्हा परिषदेच्या कार्यालयात आवक-जावक टेबलावर नोकरी केली. आलेला कागद नोंदवायचा आणि पुढं सरकवायचा. थांबणं मला ठाऊकच नव्हतं. दोघांच्या स्वभावांचं कसं निभलं हे मला अजून सांगता येणार नाही.

पहिल्या लेणीत जपानी पाहुण्यांच्या तोंडून उत्तमराव एक गोष्ट कायम ऐकत आले होते. पद्मपाणीपुढं उभं राहिलं की त्यांच्यातलं कुणीतरी हमखास म्हणायचं, “याचा भाऊ आमच्याकडं आहे.” नारा शहराजवळच्या एका फार जुन्या देवळाच्या भिंतीवर तसाच एक बोधिसत्त्व आहे म्हणे, तशीच मान कललेली. मूळ चित्र आगीत गेलं, आता तिथं आहे ती प्रतिकृती, हेही पाहुणेच सांगायचे. पण उत्तमरावांनी ते भावाचं नातं मनावर घेतलं होतं. “एकदा जाऊन भेटून येऊ,” असं ते म्हणायचे, एखाद्या चुलत्याकडं सिल्लोडला जायचं असल्यासारखं. मी म्हणायचे, “तुमचा सीझन संपला की जाऊ.” सीझन संपला की उन्हाळा, मग मुलीची परीक्षा, मग माझं ऑडिट. अशी वर्षं गेली.

मग डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. फार उशिरा सांगितला, कारण आम्हीच फार उशिरा गेलो. बाजूचं आधी जातं, मधलं शेवटी, आणि गेलेलं परत येत नाही, असं त्यांनी कागदावर गोल काढून समजावलं. घरी येताना रिक्षात, मुकुंदवाडीच्या पुढं आल्यावर उत्तमराव एवढंच म्हणाले, “भावाला भेटून घेऊ.” त्या वर्षी त्यांनी सीझन सोडला. दिवाळी झाली आणि आम्ही निघालो. फर्दापूरहून किसनभावजी, त्यांचे धाकटे भाऊ, निरोपाला आले होते. “दादा, लोकं तिथून लई पैशे खर्चून हितं येत्यात, आन् तू हितून तिकडं चालला व्हय?” असं म्हणत त्यांनी बॅगेत शेंगदाण्याच्या चटणीची बरणी कोंबली. ती बरणी आमच्याबरोबर तीन देश फिरली.

क्योतोच्या स्टेशनातून बाहेर पडलो आणि मी नकाशा उघडला. उत्तमरावांनी माझं मनगट धरलं. “थांब. डोळे सरावू दे.” अहो, इथं कुठं अंधार आहे? एवढा लख्ख उजेड, एवढी माणसं! पण नाही. आम्ही दोघं भिंतीला टेकून, बॅगा पायांशी धरून उभे राहिलो. मला लाज वाटत होती. मग कधीतरी लाज वाटायची थांबली आणि दिसायला लागलं. एक म्हातारे गृहस्थ सायकल थांबवून हातमोजे घालत होते, एकेक बोट सावकाश. शाळेच्या मुली एकाच छत्रीत तिघी शिरायला बघत होत्या. झाडाखाली एक माणूस लाल पानं झाडत होता. ढीग झाला की त्यातलं एखादं पान उचलायचा, बघायचा आणि परत ढिगावर ठेवायचा. त्या प्रवासात आम्ही सोन्याचा मुलामा दिलेलं देऊळही पाहिलं, ज्याची चित्रं सगळीकडं असतात. ते मला आता धड आठवत नाही. पानं झाडणारा तो माणूस मात्र समोर उभा राहतो.

त्यांचं जपानी तिथं ऐकणं हा वेगळाच प्रकार होता. आयुष्यभर ते वयस्कर, अदबशीर यात्रेकरूंकडून शिकलेले. त्यामुळं दुकानातल्या कोवळ्या पोरीला ते दोन केळी मागायचे तीसुद्धा दरबारात अर्ज करावा तशी. पोर आधी दचकायची, मग ओठ दाबून हसायची आणि मग तीही कमरेत वाकून तितक्याच अदबीनं केळी द्यायची. मी मागं उभी राहून म्हणायचे, “आता मुजरा तेवढा राहिला.” ते म्हणायचे, “गप गं, भाषेची इज्जत असते.” हॉटेलवर परतताना ती केळी आम्ही कालव्याच्या काठावर बसून शेंगदाण्याच्या चटणीशी खाल्ली. केळं आणि शेंगदाण्याची चटणी! घरी मी हे कुणाच्या ताटात वाढलं असतं तर त्यानं माझ्याकडं संशयानं बघितलं असतं. पण तिथं गार वारा होता, पाण्यावर पानं वाहत होती, आणि उत्तमराव डोळे किलकिले करून एकेका पानाचा पाठलाग करत होते. पान नजरेच्या मधोमध असेपर्यंत त्यांना दिसायचं. जरा बाजूला गेलं की हरवायचं. मला ते कळत होतं. मी म्हणाले, “ते बघा, पुलाखालून गेलं,” आणि ते म्हणाले, “हो हो, दिसलं.” दिसलं नव्हतं.

नाराजवळच्या त्या देवळात आम्ही सकाळीच पोचलो. आत अंधूक होतं आणि चित्रापुढं जाळी होती. उत्तमरावांनी सवयीनं मनगट धरलं, आम्ही थांबलो, डोळे सरावले. आणि मग जे आजवर कधी झालं नव्हतं ते झालं. ते चित्राकडं तोंड करून उभे राहिले. कितीतरी वेळ. मी त्यांच्याकडं बघत होते. चित्र दिसल्याचं त्यांच्या तोंडावर कळत होतं, ते स्वतः पाहुण्यांच्या तोंडावर बघायचे तसंच. हा माणूस पन्नाशी उलटेपर्यंत दुसऱ्यांना दाखवत राहिला आणि स्वतः बघायला आला तेव्हा डोळेच जायला निघाले.

तेवढ्यात वयस्कर जपान्यांचा एक गट आला. पायांचा आवाज ऐकला मात्र, उत्तमराव झटकन वळले, चित्राकडं पाठ केली, हात पोटाशी जुळवले आणि आदरानं बोलायला लागले. दुसऱ्याच्या देशात, दुसऱ्याच्या देवळात, त्यांचंच चित्र त्यांनाच समजावून सांगणं! मी बाही ओढली. ऐकतात कुठले? त्या गटाची स्वतःची गाइड, हातात झेंडा घेतलेली मुलगी, तीसुद्धा ऐकत उभी राहिली. उत्तमराव त्यांना सांगत होते, की याचा थोरला भाऊ माझ्या गावाला असतो, माझ्या घरामागच्या डोंगरात. सांगून झालं तेव्हा त्यांचं त्यांनाच उमगलं आपण कुठं आहोत ते, आणि ते कानापर्यंत लाल झाले. एक आजी पुढं आल्या, खूप वाकल्या आणि काहीतरी विचारलं. उत्तमरावांनी उत्तर दिलं. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय म्हणाल्या? “त्यांनी विचारलं, तो बरा आहे का?” आणि तुम्ही काय सांगितलं? “सांगितलं, बरा आहे. जरा पुसट झालाय.” मग आम्ही बाकावर बसलो आणि बराच वेळ दोघांनी मिळून एकच संत्रं सोललं.

परतीच्या वाटेवर आम्ही सोलला थांबलो, तिथं थंडी जोरात होती. जुन्या पद्धतीच्या एका घरात आम्ही उतरलो होतो, त्याची जमीनच खालून गरम केलेली असायची. मी त्या जमिनीवर पाठ टेकली आणि जाहीर केलं की माझा प्रवास संपला, आता मला इथंच राहू द्या. अंगणात घरमालकीण आजी आणि शेजारणी कोबीच्या गड्ड्यांना मीठ-मिरची चोळत होत्या, हिवाळ्याची बेगमी म्हणून. कोपरापर्यंत लाल हात, बोलणं अखंड. आमच्याकडं चैत्रात पापड-कुरडया घालताना असतं तसंच. आजींनी मला बोलावलं आणि काही विचारायच्या आत मसाल्यात घोळलेलं एक पान गुंडाळून हातानंच माझ्या तोंडात घातलं. कार्तिकातला सोमवार होता, मी सकाळपासून उपाशी होते आणि त्या मसाल्यात खारवलेली कोळंबी असते हे मला उत्तमरावांनी नंतर, हसून हसून डोळ्यांत पाणी आल्यावर सांगितलं. “महादेवाला चालतं गं,” म्हणाले, “त्याला हिमालयातली थंडी माहिती आहे.”

सोलच्याच मेट्रोत ते एका तरुणाला धडकले. तो डावीकडून आला आणि त्यांना दिसलाच नाही. तरुण माफी मागून निघून गेला. उत्तमराव तिथंच उभे राहिले, खांबाला हात लावून. मी त्यांच्या उजवीकडून डावीकडं आले. लग्नापासून मी त्यांच्या उजव्या बाजूनं चालत होते, का ते ठाऊक नाही. त्या दिवसापासून डावीकडून चालते. आता तर दोन्ही बाजू सारख्याच झाल्यात, तरी पाय आपोआप डावीकडं जातात.

आणि तैपेई. तिथं हवा ऊबदार, आपल्यासारखी. संध्याकाळच्या बाजारात कढयांचा धूर, माणसांचे लोंढे, आणि एकाएकी उत्तमराव थबकले. “सीताफळ!” त्यांना बाजूचं दिसत नव्हतं, पण ते नेमकं समोर आलं होतं. दोन्ही हातांत मावेल एवढं एकेक फळ. विकणाऱ्या बाईंना थोडं जपानी येत होतं. याला तुमच्याकडं काय म्हणतात, असं उत्तमरावांनी विचारलं. बाईंनी सांगितलेलं नाव ऐकून ते खुळ्यासारखे हसायला लागले. तिथं त्या फळाला शाक्य म्हणतात, बुद्धाचं नाव. त्याच्या डोक्यावरच्या कुरळ्या केसांसारखं दिसतं म्हणून. “शोभा, अगं आमच्या बांधावर झाडं आहेत याची! किसन्या गाडग्यात घालून पिकवतो आणि पोरं बिया थुंकत हिंडतात. आणि डोंगरात आत कोण बसलाय? आणि एवढ्या वर्षांत एकालाही सुचलं नाही?” त्यांना फर्दापूरला तिथून फोन लावायचा होता. लावलाही. किसनभावजी म्हणाले, “आरं दादा, सीताफळ सांगायला विदेशातून फोन करतो व्हय? हितं पाटीभर पडल्यात, खायला मानूस नाय.”

ते फळ आम्ही पायरीवर बसून खाल्लं. त्यांच्या बोटांवर गर होता, हनुवटीवर गर होता, आणि बाजारातले सगळे दिवे त्यांच्या चष्म्यात उतरले होते. मला वाटलं, इथंच थांबावं. घरी जाऊ नये, डॉक्टरांकडं जाऊ नये, पुढचं काही होऊ नये. असं मला आयुष्यात दुसऱ्या कुठल्याही गावी वाटलेलं नाही.

पुढचं झालंच. एक-दोन वर्षांत मधलंही गेलं. आता त्यांना उजेड आहे की नाही एवढं कळतं. त्यांनी तक्रार केली नाही, पण लेणीचं नावही काढलं नाही. भावाच्या घरी फर्दापूरला जायचे, तिथून डोंगराकडं जायचे नाहीत. या वर्षी मात्र सीताफळं चाचपता चाचपता म्हणाले, “मला परत क्योतोला जायचंय.”

“काय बघणार तिथं?” माझ्या तोंडून निघून गेलं.

ते रागावले नाहीत. म्हणाले, “तू बघ. मला सांग. लेणीत मी तरी कुठं बघायचो? पाठ करूनच उभा असायचो.”

हे ऐकायला सोपं आहे. पण मी आवक-जावकची बाई. पुढचे काही दिवस त्यांनी माझी परीक्षाच घेतली. गच्चीत नेऊन विचारायचे, काय दिसतंय? मी सांगायचे, समोर इमारत आहे, वर टाकी आहे. “शोभा, हे वर्णन आहे का ऑफिसातलं टिपण?” मलाही भीती होतीच. परक्या गावात त्यांचा हात सुटला तर? मी सगळीकडं घेऊन गेले आणि मला सांगताच आलं नाही, त्यांना काहीच भेटलं नाही तर? तसं झालं तर त्यांच्याजवळचं जुनं क्योतोही पुसलं जाईल, याची मला जास्त धास्ती होती. शेवटी ठरलं असं, की आधी अजिंठ्याला जायचं. पहिल्या लेणीत मला नीट सांगता आलं, तर क्योतो. नाही तर हा विषय कायमचा बंद. हा ठराव त्यांनीच मांडला. मुलीला कळलं तर ती तिकिटं घाईनं काढेल, म्हणून तिलाही सांगायचं नाही असं ठरलं.

परवाच्या मंगळवारी गेलो. किसनभावजी पायथ्याशी आले होते. “डोली करू का दादा?” त्यांनी विचारलं. “डोलीत बसायला मी काय पाव्हणा हाय?” असं म्हणून उत्तमराव चढायला लागले. पायऱ्या त्यांच्या पायांना पाठ होत्या. मी डावीकडं. ऊन असं होतं की दगड पांढरे दिसत होते. ओळखीचे एक-दोघं गाइड भेटले, “साहेब, किती वर्षांनी!” म्हणत पाया पडले. त्यांनी प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवला, पण कुणापाशी रेंगाळले नाहीत.

चपला काढल्या. आत शिरलो. आणि त्यांनी माझं मनगट धरलं. काही बोलायची गरज नव्हती.

मला काही दिसत नव्हतं. खांब नाही, छत नाही, भिंत नाही. बाहेरच्या उन्हानं डोळ्यांपुढं सगळं काळं केलेलं. आणि मला कळलं, की आत्ता या क्षणी आम्हा दोघांना अगदी एकसारखं दिसतंय. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मी त्यांच्यासारखी आहे, ते माझ्यासारखे आहेत, कुणाचं काही गेलेलं नाही. मी मनात म्हटलं, आज नका सरावू. थोडा वेळ राहू दे असंच.

पण डोळ्यांनी कुणाचं ऐकलंय? आधी खांब आले, मग छतावरची फुलं आली. मग ती चार हरणं आणि त्यांचं ते एकच डोकं. आतल्या बाजूला मान कललेला तो उभा होता. आणि त्याच्याकडं पाठ करून, माझ्याकडं तोंड करून उत्तमराव उभे होते, मोकळा हात पोटाशी धरून. पूर्वी लोकांची तोंडं बघायचे तसेच, फक्त आता ऐकायच्या तयारीत. कपाळावर घाम होता. शर्टाचं वरचं बटण चुकीच्या काजात गेलं होतं.

“बरा आहे का तो?” त्यांनी हळूच विचारलं.

“थांबा जरा,” मी म्हटलं. “डोळे सरावू देत. क्योतोतही मला वेळ लागणारच आहे, आत्तापासून सवय करा.”

ते हसले, तैपेईत हसले होते तसे. “बरं,” म्हणाले, “घाई नाही.”

आम्ही तसेच उभे राहिलो. माझं मनगट अजून त्यांच्या हातात होतं. माझे डोळे केव्हाच सरावले होते.